मुदत ठेवीचा एक दिवस जातो कुठे? (सी प्रोग्रॅमिंग, तारीख-वेळ)

पावतीवाला

नमस्कार मंडळी,

गावाकडच्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. मूळ प्रोग्रॅम सी मधला. लिहिणारे गृहस्थ केव्हाच निवृत्त झाले. टर्बो सी (डॉसवरचा जुना सी कंपायलर) वरून तो कुणीतरी लिनक्सवर आणून ठेवला आणि बिनबोभाट चालत होता. संस्थेने ऑफिसातला जुना कॉम्प्युटर काढून भाड्याचा सर्व्हर घेतला, तेव्हापासून काही मुदत ठेवींवर एका दिवसाचं व्याज कमी लागतंय. सगळ्यांवर नाही, तीच तर मेख आहे. जानेवारीत ठेवलेली आणि जूनमध्ये संपणारी पावती: एक दिवस कमी. जूनमध्ये ठेवलेली, डिसेंबरात संपणारी: बरोबर. पूर्ण वर्षाची: बरोबर.

कोड साधा आहे. दोन्ही तारखा स्ट्रक्ट टीएम या तारखेच्या डब्यात भरायच्या (वर्षातून १९०० वजा, महिन्यातून १ वजा, वेळ ००:००:००, टीएम_इजडीएसटी = -१), दोन्हींवर एमकेटाइम चालवायचं (ते तारखेचे १९७० पासूनचे सेकंद, म्हणजे टाइम_टी, देतं), डिफटाइमने फरक काढायचा, भागिले ८६४०० (दिवसाचे सेकंद), उत्तर इंट मध्ये, म्हणजे पूर्णांकात.

सचिवसाहेबांचं म्हणणं, "लायब्ररी-बिब्ररी काढून टाका, तारखेचा हिशोब स्वतः लिहा." माझं मत नेमकं उलटं आहे. तुम्ही लोक काय करता?

(फोनवरून टंकतोय आणि कीबोर्ड बदलायचा कंटाळा, म्हणून फंक्शनची नावंही देवनागरीत. चालवून घ्या.)

सेमीकोलन

जानेवारी ते जून म्हणजे मध्ये फेब्रुवारी येतो. २९ तारखेचा घोळ असणार. लीप वर्ष कसं तपासलंय? नुसतं भागिले ४?

पावतीवाला

लीप वर्ष आम्ही तपासतच नाही, ते एमकेटाइम बघून घेतं. आणि २०२५ च्या पावत्यांतही तेच होतंय. २०२५ मध्ये कुठला आलाय २९ फेब्रुवारी?

कोकणकडा

संस्थेचा फायदाच होतोय की. दुरुस्त कशाला करताय? (हलके घ्या.)

रात्रपाळी

पावतीवाला, एक सांगा. एखाद्या पावतीत तारीख भरलेलीच नसेल, म्हणजे टाइम_टी शून्य असेल, तर छापताना काय येतं?

पावतीवाला

३१ डिसेंबर १९६९, वेळ १९:००. पूर्वी काहीतरी १९७० यायचं असं कॅशियरताई म्हणतात. तो कचरा म्हणून मी सोडून दिला होता. त्याचा इथे काय संबंध?

रात्रपाळी

सगळा संबंध तिथेच आहे. टाइम_टी शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०, ग्रिनिचची मध्यरात्र. त्या क्षणी भारतात पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्यामुळे आपल्याकडच्या मशिनवर तारीख रिकामी राहिली की '१ जानेवारी १९७०, ०५:३०' असं दिसतं. तुमच्याकडे आदल्या दिवशी संध्याकाळचे सात दिसतायत. म्हणजे ग्रिनिचच्या पाच तास मागे. तुमचा सर्व्हर न्यूयॉर्कच्या घड्याळावर चालतोय.

आता पुढचं. तिथे मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरात मागे घेतात. २०२५ साली ९ मार्च आणि २ नोव्हेंबर. तुमची पावती १५ जानेवारीच्या मध्यरात्रीपासून १५ जूनच्या मध्यरात्रीपर्यंत. कॅलेंडरवर १५१ दिवस, पण न्यूयॉर्कमध्ये मधला एक दिवस तेवीस तासांचा झाला. डिफटाइम प्रामाणिकपणे १५१ दिवस वजा ३६०० सेकंद सांगतं. भागिले ८६४०० केलं की १५०.९५८ येतात आणि इंट मध्ये घातल्यावर दशांश गळून १५०. जून ते डिसेंबर उलटा प्रकार: एक तास जास्त, भागाकार पूर्णांकाच्या थोडा वर, दशांश गळला तरी उत्तर बरोबर. वर्षभराच्या पावतीत एक तास गेला आणि एक परत आला.

तुमच्या तीनही निरीक्षणांचा हिशोब लागला. सर्व्हरवर 'डेट' ही कमांड मारून खात्री करा.

पावतीवाला

_/\_ दंडवत. ईएसटी (न्यूयॉर्कची हिवाळी वेळ) दिसतंय. कंपनीने दिलं तसंच आम्ही वापरलं.

मिनी_मेनफ्रेम

रात्रपाळी, 'रिकाम्या तारखेला काय छापतंय' हा प्रश्न मी आता मुलाखतीत विचारणार.

पुरवणी जोडते. ०५:३०:०० आणि ०५:२९:५९ यांत फरक आहे, सेकंदांकडे बघत जा. ०५:३०:०० दिसलं तर व्हेरिएबल शून्य राहिलंय. ०५:२९:५९ दिसलं तर एमकेटाइमने हात टेकून -१ परत दिलंय आणि ते न तपासता कुणीतरी पुढे लोकलटाइमला (टाइम_टीची परत तारीख-वेळ करणारं फंक्शन) देऊन टाकलंय. आमच्या टीममध्ये नवीन पोरांना मी हे पहिल्याच आठवड्यात दाखवते.

सेमीकोलन

मग टीएम_इजडीएसटी -१ च्या ऐवजी ० ठेवा. भारतात डीएसटी (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं) नाहीच.

रात्रपाळी

गंमत अशी की तसं केलं तर उत्तर बरोबर येईल, आणि तेच वाईट आहे. ० म्हणजे 'ही वेळ हिवाळी घड्याळाची समज' असं तुम्ही सांगताय. जूनच्या तारखेलाही तेच लागू, त्यामुळे दोन्ही टोकं एकाच मापाची होतात आणि फरक पूर्ण दिवसांचा येतो. पण मग तीच १५ जून लोकलटाइममधून काढून छापा: ०१:०० वाजलेले दिसतील. कुणी त्यात वेळ ००:०० करून, -१ घालून पुन्हा एमकेटाइम केलं की तास परत हरवला. चूक गेली नाही, नुसती दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

पावतीवाल्यांनी -१ ठेवलंय ते योग्यच आहे. 'डीएसटी आहे की नाही ते तूच ठरव' असा त्याचा अर्थ. गडबड ८६४०० ने भागण्यात आहे.

जुना_कंपायलर

सरळ उपाय. प्रोग्रॅम सुरू करताना टीझेड (टाइमझोन सांगणारं सेटिंग) = एशिया/कोलकाता ठेवा. विषय संपला.

एकच सावधगिरी: टीझेड मध्ये 'आयएसटी+५:३०' असं लिहू नका. तिथे चिन्ह उलटं असतं, ग्रिनिचच्या पूर्वेला वजा. 'आयएसटी-५:३०' हे बरोबर. अधिक लिहिलंत तर घड्याळ आपल्यापेक्षा अकरा तास मागे जातं आणि माणूस दिवसभर डोकं खाजवत बसतो.

व्हॉइड_स्टार

विषय संपला कसा? उद्या सर्व्हर पुन्हा बदलेल, कुणीतरी ती ओळ विसरेल, आणि हाच धागा नव्याने निघेल.

मुळात ठेवीच्या तारखेला वेळ नसते हो. पावतीवर '१५ जून' लिहिलंय. किती वाजता? नाहीच वाजत काही. टाइम_टी म्हणजे एक क्षण, साऱ्या जगात एकच. तारीख म्हणजे कॅलेंडरवरचा एक चौकोन. टाइम डॉट एच (सीची तारीख-वेळेची हेडर फाइल) या दोघांना एकाच गोठ्यात बांधतं, म्हणून मारामारी होते. एसटीची गाडी कधी सुटली, सर्व्हरवर लॉगिन कधी झालं, हे क्षण. ठेव, जन्मतारीख, हप्ता, सुट्टी, या तारखा. तारखांसाठी एमकेटाइमच्या वाट्याला जाऊच नका. दिवसाला एक क्रमांक द्या, वजाबाकी करा.

म्हणजे या बाबतीत मी सचिवसाहेबांच्या बाजूने.

जुना_कंपायलर

स्वतः लिहायचा सल्ला देण्याआधी मायक्रोसॉफ्टचा झून (गाणी ऐकायचा प्लेअर) आठवा. ३१ डिसेंबर २००८, जगभरातले ३० जीबीचे झून एकदम गोठले. घड्याळाच्या ड्रायव्हरमध्ये सी मधलं लूप होतं. १९८० पासूनचे दिवस घ्यायचे आणि दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर फिरत राहायचं. लीप वर्ष असेल आणि दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तर ३६६ वजा करून वर्ष वाढवायचं. लीप नसेल तर ३६५ वजा. आता लीप वर्षाचा शेवटचा दिवस घ्या: उरलेले दिवस बरोब्बर ३६६. ३६५ पेक्षा जास्त म्हणून लूप चालू, ३६६ पेक्षा जास्त नाहीत म्हणून वजा काहीच होत नाही. बसा फिरत. बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला पुन्हा चालू करा, हा अधिकृत उपाय!

ते लिहिणारेही शिकलेसवरलेलेच होते.

व्हॉइड_स्टार

झून मेला तो लूपमुळे. मी लूप लावतच नाही. हे घ्या:

वर्षाची सुरुवात मार्चपासून धरा, म्हणजे फेब्रुवारी शेवटी जातो आणि त्याचा २९ वा दिवस कुणाच्या मध्ये येत नाही. जानेवारी-फेब्रुवारी असेल तर वर्षातून १ वजा. मार्च = ०, एप्रिल = १ … फेब्रुवारी = ११. मग

क्रमांक = ३६५×वर्ष + वर्ष/४ − वर्ष/१०० + वर्ष/४०० + (१५३×महिना + २)/५ + दिवस − १ − ७१९४६८

सगळे भागाकार पूर्णांकी. १ जानेवारी १९७० ला उत्तर ० येतं. करून बघा: वर्ष १९६९, महिना १०. ७१८६८५ + ४९२ − १९ + ४ + ३०६ + ० − ७१९४६८ = ०. ती (१५३×महिना + २)/५ ची करामत ३१-३०-३१-३०-३१ चा ठेका आपोआप धरते.

आणि तपासणी सोपी आहे. ग्रेगोरियन कॅलेंडर दर ४०० वर्षांनी जसंच्या तसं फिरून येतं: १४६०९७ दिवस, म्हणजे पूर्ण २०८७१ आठवडे. सगळेच्या सगळे तपासा, डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. असं 'सगळं तपासलं' म्हणायचं सुख प्रोग्रॅमिंगमध्ये फार थोड्या ठिकाणी मिळतं.

मिनी_मेनफ्रेम

दोघांच्या मधला मार्ग आहे: टाइमजीएम. एमकेटाइमसारखंच, पण तारीख ग्रिनिचची समजतं. तिथे डीएसटी नाही, म्हणून ८६४०० ने निःशंक भागा. जीलिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) आणि बीएसडीत ते खूप वर्षं आहे, आता सी२३ या सीच्या नव्या आवृत्तीत मानकातही आलंय. विंडोजवर नाव वेगळं, अंडरस्कोर एमकेजीएमटाइम.

सी२३ मध्ये लोकलटाइम_आर सुद्धा मानकात आलं आणि एएससीटाइम-सीटाइम जोडगोळी 'वापरू नका'च्या यादीत गेली. देर आये दुरुस्त आये.

बॅकबेंचर

लोकलटाइम_आर कशाला लागतं? साधं लोकलटाइम चालतं की. (इंजिनियरिंग दुसरं वर्ष. आमच्याकडे अजून निळ्या स्क्रीनचा टर्बो सी आहे, डॉस डॉट एच मधलं गेटडेट शिकवतात.)

मिनी_मेनफ्रेम

बॅकबेंचर, साधं लोकलटाइम आतल्या एकाच जागेचा पत्ता देतं. ठेवीच्या तारखेसाठी एक पॉइंटर घेतलास, मग मुदतीच्या तारखेसाठी दुसरा, की दोघंही एकाच डब्याकडे बोट दाखवतात. छापल्यावर ठेव आणि मुदत एकाच दिवशी. _आर वाल्याला डबा आपण द्यायचा.

गेटडेट फक्त डॉसच्या दुनियेत. परीक्षेपुरतं लिही.

नागलीची_भाकर

अवांतर: 'भारतात डीएसटी नाहीच' हे वर कुणीतरी ठोकून दिलंय. दुसऱ्या महायुद्धात होतं. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ घड्याळं तासभर पुढे होती, ग्रिनिच अधिक साडेसहा. एशिया/कोलकाता च्या फाइलमध्ये हे नोंदलेलं आहे, १९४३ ची तारीख लोकलटाइममधून काढून बघा. जुन्या पत्रिका मांडणारे जोतिषी तो तास वजा करतात. आमच्या आत्याच्या पत्रिकेवर गुरुजींनी 'युद्धकालीन वेळ' असा शेराच मारलाय.

कोकणकडा

अतिअवांतर: आणि बॉम्बे टाइम? १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने ग्रिनिच अधिक ४ तास ५१ मिनिटं ही आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. एकोणचाळीस मिनिटांचा फरक! टाइमझोनच्या फायलींत भारताची एकच नोंद आहे, कोलकाता. मुंबईला जागाच नाही. निषेध!

सेमीकोलन

तिथीचं फंक्शन कुणी लिहिलंय का? गणपतीची तारीख काढायची आहे.

नागलीची_भाकर

ते काम स्ट्रक्ट टीएमचं नव्हे, सेमीकोलन. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी, आणि दिवसाला कोणती धरायची ते सूर्योदयावरून. कधी एक तिथी दोन सूर्योदय पाहते, कधी एकही नाही. शिवाय अधिक मास. वेगळा धागा काढा, पंचांगवाले तुटून पडतील.

रात्रपाळी

मूळ विषयाकडे. पावतीवाला, प्रोग्रॅम ३२ बिटचा की ६४? टर्बो सी वरून आणलेला आहे म्हणून विचारतोय.

पावतीवाला

३२. एक जुनी लायब्ररी आहे, तिची ६४ बिट आवृत्ती नाही.

रात्रपाळी

मग तुमचं २०३८ आजच आलंय. ३२ बिटच्या टाइम_टीत जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतं. ते संपतं १९ जानेवारी २०३८ ला, भारतात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. लोक म्हणतात अजून वेळ आहे. पण पतसंस्थेने पंधरा वर्षांचं कर्ज दिलं की शेवटचा हप्ता त्या पलीकडेच. एमकेटाइम -१ देणार, आणि मिनीताईंनी सांगितलेलं ०५:२९:५९ तुम्हाला हप्त्यांच्या तक्त्यात भेटणार.

जीलिबसी २.३४ पासून ३२ बिटवरही ६४ बिटचं टाइम_टी घेता येतं, कंपाइल करताना _टाइम_बिट्स=६४ आणि सोबत _फाइल_ऑफसेट_बिट्स=६४ द्यायचं. पण तुमची ती जुनी लायब्ररी टाइम_टी मागत असेल तर तिला चार बाइटच हवे असणार, ती कोसळेल. दिवसांचे क्रमांक वापरलेत तर हा प्रश्नच येत नाही.

व्हॉइड_स्टार

जुना_कंपायलर, ऐकताय ना?

जुना_कंपायलर

ऐकतोय. तारखेपुरतं मान्य. पण सगळ्या १४६०९७ दिवसांची तपासणी कोडसोबत ठेवायची, 'एकदा करून बघितली होती' हे चालणार नाही.

आणि तारीख वाचताना स्कॅनएफ मध्ये %आय वापरू नका, %डी वापरा. %आय ला पुढे शून्य दिसलं की तो आकडा अष्टमान पद्धतीतला समजतो. '०७' चालतं, '०८' आणि '०९' ला शून्य घेऊन थांबतं. महिन्याच्या आकड्यात जुलैपर्यंत सगळं सुरळीत, ऑगस्ट-सप्टेंबरात बोंब, ऑक्टोबरात पुन्हा शांत.

मिनी_मेनफ्रेम

महिन्यांवरून आठवलं. पावत्या मराठीत छापता का? स्ट्रफटाइमचा (तारीख मजकूर म्हणून लिहिणारं फंक्शन) बफर किती आहे? सेटलोकेल मराठी केलं की %बी (मोठं बी) महिन्याचं नाव देवनागरीत देतं, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना-मात्रा-हलन्त सगळे वेगळे मोजायचे. 'फेब्रुवारी'ची दहा चिन्हं, ३० बाइट. दिवस, दोन मोकळ्या जागा, वर्ष आणि शेवटचा शून्य बाइट धरून ३९. ३२ चा बफर असेल तर जानेवारी, फेब्रुवारी, सप्टेंबर, नोव्हेंबर एवढेच चार महिने मावत नाहीत. स्ट्रफटाइम शून्य परत देतं आणि बफरमध्ये काय पडलंय याची हमी नसते.

पावतीवाला

३२ च आहे!! म्हणून जानेवारीत पावत्यांवर चिन्हं उमटत होती होय. आम्ही प्रिंटरवाल्याला दोनदा बोलावलं.

कोकणकडा

बिचारा प्रिंटरवाला.

पावतीवाला

मंडळी, ताजी खबर. व्हॉइड_स्टार यांचं सूत्र बसवलं, ४०० वर्षांची तपासणी पास झाली, जानेवारी-जूनच्या पावत्या बरोबर आल्या. सर्व्हरचं टीझेडही कोलकाता केलं, लॉगमधल्या वेळा वाचता याव्यात म्हणून. बफर १२८.

आता एक अडलंय. '३१ जानेवारीला ठेवली, मुदत १ महिना' अशी ठेव आहे. जुना कोड टीएम_मन (महिना) मध्ये १ मिळवून एमकेटाइम करतो आणि ते ३ मार्च सांगतं. हे बरोबर की चूक?

रात्रपाळी

एमकेटाइमच्या दृष्टीने बरोबर. तुम्ही ३१ फेब्रुवारी दिलीत, त्याने २८ च्या पुढचे तीन दिवस मार्चमध्ये ढकलले. लीप वर्षी २ मार्च येईल. महिन्याचा शेवटचा दिवस हवा असेल तर पुढच्या महिन्याचा टीएम_एमडे (दिवस) = ० द्या, आपोआप आदल्या महिन्याची अखेर मिळते.

पण २८ फेब्रुवारी धरायची की १ मार्च की ३ मार्च, हे सी नाही सांगणार. पावतीच्या मागच्या अटी आणि संस्थेचे पोटनियम बघा. '१२ महिने' आणि '३६५ दिवस' या वेगळ्या मुदती आहेत, तेही तिथेच बघा. आणि २८ धरलीत तर पुढचं नूतनीकरण २८ पासून मोजायचं की मूळच्या ३१ वरून, हेही आत्ताच लेखी घ्या. नाहीतर दर फेब्रुवारीत तारीख घसरेल आणि पुन्हा कधी वर येणार नाही.

पावतीवाला

पोटनियमात फक्त 'महिना' लिहिलंय. सचिवांना विचारलं, ते म्हणाले, "कॉम्प्युटर काय सांगतो?"

व्हॉइड_स्टार

सांगा, कॉम्प्युटरही तुम्हालाच विचारतोय. सही घ्या आणि कोडमध्ये कॉमेंट टाका, ठरावाच्या क्रमांकासकट. आणि ज्यांना एक दिवस कमी मिळाला त्यांची यादी आधी काढा: ठेव नोव्हेंबर ते मार्चमधली, मुदत मार्च ते नोव्हेंबरमधली, दोन्ही टोकं घड्याळ बदलायच्या तारखांवर नेमकी कापून. ज्यांच्या रकमा देऊन झाल्या त्यांचं काय, ते ऑडिटरना विचारा.

बॅकबेंचर

प्रॅक्टिकलला 'दोन तारखांमधले दिवस' आलं तर हे १५३ वालं सूत्र लिहिलं तर मार्क देतील का?

मिनी_मेनफ्रेम

देतील. पण व्हायव्हाला ७१९४६८ कुठून आले ते विचारतील, तेवढं घरून करून जा.